छपराचें पाणी आणि मोरीचें पाणी

ज्या घरीं पैशाचा जमाखर्च रोजच्या रोज लिहितात, त्या घरींहि पाण्याचा जमाखर्च लिहिलेला सहसा आढळत नाहीं. विहिरीस किती परस पाणी आहे, उसास किती पाळ्या झाल्या, वीज किती तास होती, हें शेतकऱ्यास तोंडपाठ असतें. परंतु घरांत व गोठ्यांत दिवसाकाठीं किती हंडे पाणी लागलें आणि त्यांपैकीं किती खरोखर पिण्याजोगें असावयास हवें होतें, असें विचारिल्यास उत्तर मिळत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

जलजीवन मिशनची योजना इ. स. २०१९ मध्यें सुरू झाली, तेव्हां खेड्यांतील माणशीं दिवसाला ५५ लिटर पाणी हें प्रमाण धरण्यांत आलें. या ५५ लिटरांपैकीं पिण्यास व स्वयंपाकास माणशीं फार तर दहा लिटर लागतें. स्नानास व भांडीं विसळण्यास पाणी स्वच्छ पाहिजे, हें खरें. तथापि शौचकूप, अंगण, गोठा, पाय धुणें, फडकीं पिळणें, सारवण, परसांतील झाडें, फवारणी यांस पिण्याचें पाणी कशास हवें? शहरांतील इमारतींकरितां जें भारतीय प्रमाण ठरलेलें आहे, त्यांत तर माणशीं ४५ लिटर पाणी केवळ शौचकूप धुण्याकरितां धरलेलें असतें. धरणांतून आणलेलें, तुरटी व क्लोरीन घालून शुद्ध केलेलें पाणी या कामीं जातें. आपल्या खेड्यांतून तितकी उधळपट्टी होत नाहीं. पण होत नाहीं ती पाणी नसल्यामुळें, विचार केल्यामुळें नव्हे.

महसूल खात्याच्या नोकरींत असतां टंचाईच्या दिवसांत टँकरच्या खेपांची नोंद ठेवण्याचें काम मजकडे कांहीं वर्षें होतें. माणशीं २० लिटर या दरानें गांवची लोकसंख्या गुणावयाची, टँकरच्या मापानें भागावयाचें, आणि खेपा ठरवावयाच्या. कागदावर हिशेब बिनचूक असे. गांवांत गेल्यावर दिसे तें असें कीं, टँकर ज्या विहिरींत सोडीत, तिच्या जवळच्या घरांतून गोठे धुतले जात, अंगणांत सडा पडे. आणि ओढ्यापलीकडील वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परत जात. विहिरीजवळचे लोक कांहीं दुष्ट नव्हते. त्यांच्या घरीं एकच प्रकारचें पाणी होतें, म्हणून सर्व कामांस तेंच लागे. घरांत दुसऱ्या प्रतीचें पाणी वेगळें ठेवलेलें असतें, तर वस्तीवरच्या घागरींत कांहीं तरी पडलें असतें. तेव्हांपासून या विषयाचा विचार माझ्या मनांत घोळत आहे आणि निवृत्तीनंतर त्यास सवड मिळाली आहे.

छपरावर किंवा कड्यावर पडलेलें पाणी जागच्या जागीं धरून ठेवण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. मुंबईजवळ कान्हेरीच्या डोंगरांत शंभराहून अधिक लेणीं आहेत. त्यांतील बहुतेक लेण्यांच्या दारीं खडकांत खोदलेलें टांकें असून, वरच्या उतारावरील पावसाचें पाणी त्यांत आणण्यासाठीं पन्हळी कोरलेल्या आहेत. तेथील प्राकृत शिलालेखांत अशा टांक्यास ‘पोढी’ म्हटलें आहे, आणि तें खोदवून दिल्याची नोंद दात्याच्या नांवानिशीं केलेली आहे. सह्याद्रींतील किल्ल्यांवरचीं टांकीं तर प्रत्येकानें पाहिलेलींच असतात. गुजराथेंत अहमदाबाद, पोरबंदर वगैरे शहरांतील जुन्या घरांखालीं अशींच टांकीं असत. छपराचें पाणी त्यांत उतरवून वर्षभर जपून वापरीत. एक गोष्ट मात्र ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्या लोकांनीं छपराचें पाणी पिण्यासाठीं राखलें आणि विहिरीचें मचूळ पाणी वरकामास वापरलें. आपण याच्या उलट सांगत आहों, कारण आपल्याकडील परिस्थिति उलट आहे. नळाचें किंवा टँकरचें पाणी शुद्ध करून येतें, तें पिण्यास राखावें. आणि ज्या छपरावर कावळे-कबुतरें बसतात, पालापाचोळा पडतो, त्याचें पाणी वरकामास लावावें. पाण्याची प्रत पाहून त्यास काम द्यावें, हा नियम मात्र दोन्हीकडे एकच.

परदेशांत हा विचार मोठमोठ्या इमारतींत अमलांत आलेला आहे. जपानांत टोकियो शहराच्या सुमिदा भागांत इ. स. १९८५ मध्यें कुस्त्यांचें एक भव्य मंदिर बांधलें. त्याचें छप्पर सुमारें ८,४०० चौरस मीटर असून खालीं १,००० घनमीटरांचें, म्हणजे दहा लक्ष लिटरांचें टांकें आहे. तें पाणी शौचकूप धुण्यास व इमारत थंड राखणाऱ्या यंत्रास वापरतात. त्या भागांत मोठा पाऊस झाला म्हणजे गटारें तुंबून रस्त्यांवर पाणी येई. छपराचें पाणी अडविल्यानें पाणी मिळालें आणि पूरहि कांहींसा ओसरला. त्याच भागांत गल्लीबोळांतूनहि लहान सामाईक टांकीं केलेलीं आहेत. आजूबाजूच्या घरांच्या छपरांचें पाणी त्यांत येतें, वर हातपंप असतो, आणि झाडांस घालण्यास व आग लागल्यास विझविण्यास तें उपयोगी पडतें. मला कुस्त्यांच्या मंदिरापेक्षां या हातपंपांचें कौतुक अधिक वाटतें. तें आपणांस परवडण्यासारखें आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. परंतु आपल्याकडे घरें अजून फुटांत मोजतात आणि म्हातारी मंडळी पाऊस इंचांत सांगतात, म्हणून त्यांच्यासाठीं दुसरा सोपा कोठा देतों. शंभर चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे २३६ लिटर पाणी पडतें. पत्रा किंवा कौल भिजण्यांत, उडण्यांत व पहिलें घाण पाणी सोडून देण्यांत पांचवा हिस्सा वजा केला, तर सुमारें १९० लिटर हातीं लागतें. बाजारांत मिळणारें निळें पिंप २०० लिटरांचें असतें. म्हणजे शंभर चौरस फूट आणि एक इंच मिळून एक पिंप, थोडें कमी, असें लक्षांत ठेवावें. छपराचें क्षेत्र मोजतांना पुष्कळ लोक उतरत्या पत्र्याची लांबी मोजतात, तें बरोबर नाहीं. पाऊस वरून खालीं पडतो. तेव्हां वळचणीपासून वळचणीपर्यंत जमिनीवर जेवढी जागा झांकली जाते तेवढीच धरावयाची. पत्रा अधिक उभा केल्यानें पाणी अधिक येत नाहीं.

ज्या तालुक्यांत वर्षास २० इंच, म्हणजे सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथील एका घराचें उदाहरण घेऊं. राहतें घर ६०० चौरस फूट आणि गोठा ४०० चौरस फूट, मिळून १,००० चौरस फूट. दहा गुणिले वीस म्हणजे दोनशें पिंपें. कांटेकोर गणित केल्यास सुमारें ३७,८०० लिटर. अवर्षणप्रवण म्हणून ज्या मुलखाची ख्याति, तेथील एका साध्या घरावर एवढें पाणी दरसाल पडून पागोळ्यांवाटे चिखल करून जातें. इ. स. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पहिल्या गाडीस दहा डबे होते व त्यांत पांच लक्ष लिटर पाणी होतें. म्हणजे डब्यास ५० हजार लिटर. लातूरकडे साधारण वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर हजार चौरस फुटांच्या एका छपराचें पाणी, तूट वजा जातां, ५२ हजार लिटर होतें. एक घर, एक डबा! त्या आधींचें वर्ष अवर्षणाचें होतें, म्हणून हा हिशेब त्या वर्षापुरता निम्म्यानें उतरवावा लागेल, हें कबूल आहे. तरी दोन घरांमागें एक डबा उरतोच.

येथें कोणी म्हणेल कीं, पडतें तेवढें सांठवावयाचें कोठें? ही शंका रास्त आहे आणि पुष्कळांचा उत्साह येथेंच मावळतो. सबंध वर्षाचें ३७-३८ हजार लिटर पाणी मावेल एवढें टांकें बांधावयाचें म्हटल्यास खर्च घराच्या एका खोलीएवढा होईल. पण तसें करण्याची गरज नाहीं. पिण्याचें पाणी जपून शेवटास राखावयाचें असतें. वरकामाचें पाणी पावसाळ्यांतच वापरूं लागावयाचें असतें. टांकें रिकामें झालें तरच पुढच्या नक्षत्राचें पाणी त्यांत शिरेल. भरलेल्या टांक्यास पाऊस पडून कांहीं लाभ नाहीं.

याच घरास दिवसाला २०० लिटर वरकामाचें पाणी लागतें असें समजूं. गोठा धुण्यास शंभर, शौचकूपास पन्नास, पाय धुणें, अंगण, फडकीं यांस पन्नास. मृग नक्षत्र लागल्यापासून हस्त संपेपर्यंत, म्हणजे ७ जूनपासून १० ऑक्टोबरपर्यंत, १२५ दिवस होतात. त्या अवधींत २५,००० लिटर पाणी वापरलें जाईल. टांकें १०,००० लिटरांचें असून हस्ताच्या पावसानें भरलेलें राहिलें, तर हिशेब ३५,००० लिटरांवर गेला. बाकी २,८०० लिटर सांडलें, तें विहिरीच्या पुनर्भरणास द्यावें. प्रत्यक्षांत पाऊस असा वांटून पडत नाहीं. आर्द्रा कोरड्या जातात आणि उत्तरा दोन दिवसांत सर्व ओततात; त्यामुळें कांहीं पाणी अधिक सांडेल व कांहीं दिवस टांकें कोरडें राहील. तथापि आपल्या पर्जन्यछायेच्या प्रदेशांत पावसाचा मोठा वांटा सप्टेंबरांत पडतो, हें येथें सोयीचें आहे. टांकें शेवटीं भरलेलें सांपडण्याचा संभव त्यामुळें बराच असतो. दहा हजार लिटरांकरितां आंतून आठ फूट व्यासाचें व सात फूट उंचीचें गोल टांकें पुरतें. जाळी व सिमेंट यांचें पातळ भिंतीचें टांकें, ज्यास फेरोसिमेंट म्हणतात, तें विटांच्या टांक्यापेक्षां कमी मालांत होतें. परंतु गिलावा करणारा गवंडी त्या कामाचा माहितगार पाहिजे. ज्यास एवढें करणें शक्य नाहीं त्यानें दोन हजार लिटरांच्या प्लास्टिकच्या टांकीनें सुरुवात करावी. लहान टांकीहि पावसाळ्यांत अनेक वेळां भरते.

सत्य सांगावयाचें तर हें टांकें उन्हाळ्यांत उपयोगी पडत नाहीं. दिवसाला २०० लिटर काढल्यास १० ऑक्टोबरास भरलेलें टांकें नोव्हेंबरअखेर संपतें. कोणी म्हणतात, तेवढे महिने विहिरीचा उपसा वांचला, तें पाणी उन्हाळ्यांत मिळेल. हें अर्धेंच खरें आहे. आपल्या काळ्या पाषाणांतील भेगांतून पाणी सरकतें, आणि शेजाऱ्याचा बोअर आपल्या विहिरीपेक्षां खोल असल्यास वांचविलेलें पाणी त्याच्या पंपांतून निघतें. उन्हाळ्याची तरतूद दुसऱ्या पाण्यानें करावयाची आहे. तें पाणी घरांत रोज निर्माण होतें, त्यास पाऊस लागत नाहीं आणि टांकेंहि लागत नाहीं. तें मोरीचें पाणी होय. त्याकडे पुढें येऊं. आधीं छपराची जोडणी सांगतों.

पन्हळीस दर दहा फुटांस एक इंच उतार द्यावा. चार इंची नळ तासाला ७५ मिलिमीटर इतक्या जोराच्या पावसांत सुमारें ५७ चौरस मीटर छपराचें पाणी वाहून नेतो. म्हणजे हजार चौरस फुटांस एक नळ अपुरा पडेल. दोन बाजूंस दोन नळ घातले तर चिंता नाहीं. नळाच्या तोंडाशीं पाचोळा अडेल अशी जाळी बसवावी. यानंतर महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिलें पाणी बाजूस काढणें. कोरड्या दिवसांत छपरावर धूळ, पक्ष्यांची विष्ठा व पाचोळा साचतो, तो सर्व पहिल्या सरीबरोबर खालीं येतो. छपरावरील पहिलें दोन मिलिमीटर पाणी टांक्यांत जाऊं देऊं नये. हजार चौरस फुटांवर दोन मिलिमीटर म्हणजे १८६ लिटर, अर्थात् एक पिंप. नळ टांक्याकडे नेण्यापूर्वीं त्यास खालच्या बाजूस एक फांटा काढून तो या पिंपांत सोडावा. पिंप आधीं भरतें; तें तोंडोतोंड भरल्यावरच पाणी पुढें टांक्याकडे वळतें. पिंपाच्या बुडाशीं एक बारीक छिद्र ठेवावें, म्हणजे पाऊस थांबल्यावर तें आपोआप रितें होऊन पुढच्या सरीस तयार राहतें. ठिबकणारें पाणी एखाद्या झाडाच्या आळ्यांत जाईल असें करावें. वाळू, कोळसा, खडी यांच्या मोठमोठ्या गाळण्यांवर मात्र या कामीं पैसा घालूं नये. पाणी पिण्याचें नाहीं. जाळी व पहिलें पिंप एवढ्यानें भागतें. टांक्याची तोटी बुडापासून सहा इंच वर ठेवावी, म्हणजे खालीं बसलेला गाळ तोटींतून येत नाहीं.

पावसाच्या पाण्याचा एक गुण शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. तें मृदु असतें. आपल्या बोअरचें पाणी बहुधा जड; त्यांत साबणास फेंस येत नाहीं, आणि कांहीं तणनाशकांचा गुण त्यांतील क्षारांमुळें उणा होतो. फवारणीकरितां टांक्यांतील पाणी गाळून घेतल्यास औषध चांगलें मिसळतें व क्षार सांचून पंपाचें तोंडहि लवकर बुजत नाहीं. ज्यांच्याकडे सौर पंप आहेत त्यांनीं त्याच्या पाट्या याच पाण्यानें पुसाव्या. जड पाण्याचे पांढरे डाग कांचेवर बसतात ते बसत नाहींत. दुधाचीं भांडीं व जनावरांचे सड धुण्यास मात्र हें पाणी वापरूं नये. तेथें पिण्याजोगेंच पाणी पाहिजे.

आतां मोरीचें पाणी. पांच माणसांच्या घरांत स्नानाचें पाणी माणशीं २५ लिटर धरलें तर दिवसाला १२५ लिटर होतें. फेब्रुवारीपासून मेअखेर १२० दिवस, म्हणजे १५,००० लिटर. वर सांगितलेलें टांकें दीड वेळ भरेल एवढें पाणी ऐन उन्हाळ्यांत, टांकें न बांधतां, दाराशीं वाहत असतें. टँकरवर गांव असेल तेव्हां हा आंकडा बराच खालीं येईल. तरी माणशीं आठ लिटर धरले तर रोज ४० लिटर राहतात, आणि तेवढ्यावर लिंबाचीं दोन-तीन कलमें व शेवगा हीं सुखानें जगतात. आपल्या आजीनें मोरीच्या तोंडाशीं केळ व अळू लावलेलें असे, तें याच हिशेबानें. घरें पक्कीं झालीं, मोरीस नळ लागला, आणि तो नळ रस्त्यावरच्या उघड्या गटारांत सोडण्यांत आला. केळ गेली आणि डांस आले. सुधारणा म्हणून आपण जें जें केलें, त्यांतील ही एक फिरवून टाकण्यासारखी आहे.

मोरीचें सर्वच पाणी एका प्रतीचें नसतें, हें मात्र विसरूं नये. स्नानाचें पाणी सर्वांत हलकें. स्वयंपाकघरांतील पाण्यांत तेल, खरकटें असतें, त्यासाठीं वाटेंत एक लहान कुंडी बांधून तीत तेलाचा तवंग व अन्न अडकवावें व कुंडी आठ दिवसांनीं साफ करावी. खरी अडचण कपडे धुतलेल्या पाण्याची आहे. धुण्याच्या पावडरींत सोडा असतो, म्हणजे सोडियमचा क्षार. काळ्या जमिनींत हा क्षार सांचत गेला म्हणजे मातीचे कण सुटे होऊन मिटतात, पाणी मुरत नाहीं, उन्हाळ्यांत वर कठीण पापुद्रा धरतो. थोडक्यांत, जमीन चोपण होते. उसाच्या पट्ट्यांतील शेतकऱ्यास चोपण म्हणजे काय हें सांगावयास नको. शेतांत जें अति पाण्यानें होतें, तें परसांत अति सोड्यानें होतें; फरक एवढाच कीं परस लहान असल्यामुळें लवकर होतें. म्हणून धुण्याचें पाणी जमिनीस देऊं नये. तें बादलींत धरून शौचकूपास वापरावें, किंवा गोठ्याची फरशी त्यानें धुवावी व शेवटीं एक बादली साधें पाणी फिरवावें. स्नानाचें पाणीहि एकाच झाडास वर्षानुवर्षें न घालतां दर महिन्यास नळी हालवीत जावें, आणि पावसाळ्यांत तें बंद ठेवून पावसानें क्षार धुवून जाऊं द्यावे. जमीन घट्ट होऊं लागली असें दिसल्यास जिप्सम मिसळावें व निचरा मोकळा करावा. गोठा धुतलेल्या पाण्यांत शेण व मूत्र असतें, तें उकिरड्याच्या खड्ड्यांत वळवावें. खत कोरडें पडून जळत असतें, त्यास तें पाहिजेच असतें.

मोरीचें पाणी सांठवून ठेवूं नये. एक दिवसाहून अधिक ठेविल्यास त्यास दुर्गंधी सुटते. तें निघेल तसें जमिनींत गेलें पाहिजे. आळ्यांत उसाचें पाचट किंवा वाळलें गवत अंथरून त्याखालीं पाणी सोडावें, म्हणजे वर डबकें दिसत नाहीं. पाणी जास्त असल्यास हातभर रुंद व दोन हात खोल चर खणून खडी भरावी व तीवर कर्दळ लावावी. कर्दळीच्या मुळ्यांतून तें पाणी बरेंच निवळतें. कोथिंबीर, मेथी, मुळा, टमाटे इत्यादि जें कच्चें खाण्यांत येतें, त्यास हें पाणी कधींहि देऊं नये. घरांत कोणास जुलाब, कावीळ असा आजार असेल, अथवा तान्ह्या मुलाचीं दुपटीं धुतलीं असतील, तर त्या दिवसांचें पाणी शोषखड्ड्यांत सोडावें.

दोन प्रकारचें पाणी एका घरांत आलें म्हणजे घोटाळ्याचा धोका येतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. दोन्हींचे नळ कोठेंहि एकमेकांस जोडूं नयेत, मधें तोटी ठेवूनहि जोडूं नयेत. टांकें कोरडें पडल्यावर त्यांत टँकरचें पाणी घ्यावयाचें असल्यास वरून मोकळ्या धारेनें घ्यावें. नळी पाण्यांत बुडवूं नये. टांक्याचा नळ निराळ्या रंगाचा करावा व तोटीवर ‘पिण्याचें नाहीं’ असें ठळक लिहावें. ज्यांस वाचतां येत नाहीं अशीं लहान मुलें घरांत असतात, म्हणून तोटीची मूठ काढून ठेवतां येईल अशी असावी. दुसरा धोका डांसांचा. डेंग्यूचा डांस घाण गटारांत नव्हे, घरांतील स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो, आणि उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डांस होतो. टांक्याचें झांकण घट्ट, सांडव्याच्या नळीस बारीक जाळी आणि पिंपें आठवड्यांतून एक दिवस कोरडीं, एवढें केलेंच पाहिजे. झांकणास कुलूपहि असावें. उघडें टांकें हा घरांतील आड समजावा. गाळ काढण्यास टांक्यांत उतरण्यापूर्वीं झांकण कांहीं तास उघडें ठेवावें, आणि बाहेर दुसरें माणूस उभें असल्याशिवाय कोणीं उतरूं नये.

शेवटीं आपल्या सोसायटीच्या गुदामाविषयीं. त्याचें छप्पर पत्र्याचें असून ६० फूट लांब व ४० फूट रुंद, म्हणजे २,४०० चौरस फूट आहे. वरील कोठ्यानें वीस इंचांच्या वर्षीं ४८० पिंपें, कांटेकोर ९० हजार लिटरांच्या वर पाणी त्यावरून उतरतें व पश्चिमेकडील भिंतीच्या पायाशीं मुरतें. त्या भिंतीस आलेली ओल व खताच्या खालच्या थरांतील पोत्यांची झालेली ढेकळें सर्वांनीं पाहिलींच आहेत. वार्षिक सभेंत भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च विचारास येणार आहे. त्याच वेळीं पन्हळ, दोन नळ, तीन पिंपें व निदान दहा हजार लिटरांचें टांकें यांचाहि अंदाज मागवावा, अशी सूचना मी पाठविली आहे. पायाशीं पाणी मुरत राहिलें तर गिलावा पुन्हां पडेल, हें गवंड्यास विचारिलें तरी कळेल. टांक्यांतील पाणी सभासदांस फवारणीकरितां नेतां यावें, आणि किती पिंपें कोणीं नेलीं याची वही गुदामपालानें ठेवावी. छप्पर मेअखेर झाडून, पन्हळींतील पाचोळा काढून व पिंपाचें छिद्र तारेनें मोकळें करून ठेवावें लागेल. पावसाचें माप घेण्यास सरळ बाजूंची कांचेची बरणी व फूटपट्टी पुरे आहे. ती छपरापासून व झाडांपासून दूर, उघड्यावर ठेवून रोज सकाळीं आठ वाजतां वाचावी, आणि आंकडा गुदामाच्या दारावरील फळ्यावर लिहावा.